दम कोंडून वजन उचलताय?

भरतीची तयारी असो, नाहीतर नुसती बॉडी करायची हौस असो, सांगोल्यात सध्या जो तो वजन उचलतोय. पण वजन वर जात असताना छातीच्या आत काय चाललेलं असतं? एका मित्राच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी शोधायला लागले.

आमच्या ग्रुपमधला एक जण आहे. नाव छापू नको म्हणाला, घरी कळलं तर जिमची फी बंद होईल. पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळी मैदानावर १६०० मीटरच्या राउंडा, संध्याकाळी जिम. त्या दिवशी आमची लेडीज बॅच संपत आलेली आणि या पोरांची सुरू झालेली. हा लेग प्रेसवर. दोन्ही बाजूंना मावतील तेवढ्या प्लेटा लावलेल्या, भोवती तीन-चार जण, आणि सगळ्यांचा एकच गजर, ‘अजून एक! अजून एक!’

शेवटच्या रेपला त्याने दात आवळले, श्वास कोंडला. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, चेहरा पिकल्या डाळिंबासारखा लाल. वजन गेलं वर. टाळ्या. पठ्ठ्या झटकन उठून उभा राहिला, मशीनचा दांडा धरला आणि सावकाश खाली फरशीवर बसला.

‘‘आरं, दुपारी जेवला नाय का?’’ कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोही हसला. दोन मिनिटांनी पाणी प्यायला, पुढचा सेट मारला.

माझ्या पप्पांना बीपी आहे, त्यामुळे आमच्या घरी मोजायचं मशीन आहे. दोन दिवसांनी तो घरी आला तेव्हा त्याला बसवलं आणि सहज गंमत म्हणून पट्टा बांधला. १४६/९२. परत मोजलं. तेवढंच. गोळी चालू असलेल्या पप्पांपेक्षा जास्त! वय २१. सिगारेट नाही, दारू नाही, पोटावर पॅक्स आहेत.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘मेडिकलला काढतील का गं?’’

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला कळलं की आपण ‘बीपी’ म्हणून जे म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, वजन उचलताना काही सेकंदांसाठी उसळणारा दाब. दुसरा, चोवीस तास आपल्यासोबत राहणारा दाब. पहिला इतका वर जातो की आकडा ऐकून विश्वास बसत नाही. आणि गंमत म्हणजे, नीट केलेल्या त्याच व्यायामाने दुसरा खाली येतो. घोळ होतो तो या दोन्हींची सांगड चुकली की.

ठिबकचा व्हॉल्व्ह

सांगोल्यातल्या कुणाला हे समजवायचं तर डाळिंबाच्या बागेइतकं सोपं उदाहरण नाही. ठिबकची मोटर चालू आहे, चारही व्हॉल्व्ह उघडे आहेत, तेव्हा फिल्टरजवळच्या गेजचा काटा आपल्या जागी असतो. आता मोटर तशीच चालू ठेवून तीन व्हॉल्व्ह बंद करा. काटा कुठे जातो? बागेत एकदा तरी लाइन फुटलेली ज्याने बघितली असेल त्याला पुढचं सांगायला नको.

स्नायू जोरात आवळला की आतल्या रक्तवाहिन्या बाहेरून दाबल्या जातात. हा झाला व्हॉल्व्ह बंद होणं. स्नायू जेवढा मोठा आणि जोर जेवढा जास्त, तेवढे व्हॉल्व्ह जास्त बंद. म्हणून बायसेप्स कर्लपेक्षा लेग प्रेस आणि स्क्वॉटमध्ये दाब जास्त चढतो.

इकडे मोटर मात्र कमी होत नाही, उलट वाढते. वजनाला हात लावायच्या आधीच मेंदू हृदयाला ‘तयार राहा’ म्हणून सांगतो आणि ठोके वाढतात. शिवाय कोंडलेल्या स्नायूत तयार होणारे पदार्थ तिथल्या नसांमार्फत वर निरोप धाडतात, की इकडे रक्त पोचत नाही, दाब वाढवा. हा निरोप खराच असतो हे १९३७ मध्ये आलम आणि स्मर्क या दोन शास्त्रज्ञांनी साध्या युक्तीने दाखवलं होतं. व्यायाम थांबला तरी दंडाला पट्टा आवळून त्या हातातलं रक्त तिथेच अडवून ठेवलं, तर हात ढिला पडलेला असतानाही बीपी वरच राहिलं. पट्टा सोडला, बीपी उतरलं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे श्वास. दम कोंडून जोर लावला की छातीत आणि पोटात हवेचा दाब तयार होतो, आणि तो थेट रक्तवाहिन्यांवर पडतो. वैद्यकात याला वलसाल्वा म्हणतात, आंतोनियो वलसाल्वा (१६६६–१७२३) या इटालियन डॉक्टरच्या नावावरून. तो बिचारा कान तपासण्यासाठी ही युक्ती वापरायचा! नाक-तोंड बंद करून फुंकायचं, विमानात कान बंद झाले की आपण करतो तसं. आता त्याचं नाव जिमच्या लेखात येतंय.

४८०/३५०

या सगळ्याची बेरीज किती होते? ते मोजणं सोपं नाही. आपलं दंडाला बांधायचं मशीन फुगून रिकामं व्हायला अर्धा मिनिट घेतं, आणि लेग प्रेसच्या एका रेपला तीन-चार सेकंद लागतात. शिवाय हात हलता कामा नये. म्हणजे तो उसळलेला आकडा मशीनला सापडतच नाही. सेट संपल्यावर मोजलं तर तोवर दाब खाली आलेला असतो आणि आपण म्हणतो, ‘बघ, नॉर्मल आहे की!’

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सरळ उपाय केला. पाच अनुभवी बॉडीबिल्डर घेतले, त्यांच्या दंडातल्या धमनीतच बारीक नळी घातली आणि त्यांना वजनं उचलायला लावली. १९८५ मध्ये निकाल छापून आला. दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला होता. त्यातल्या एकाचा तर ४८०/३५०.

परत वाचा. आपल्याकडे १४०/९० ओलांडलं की डॉक्टर चष्म्यावरून बघतात. १२० म्हणजे पाऱ्याची १२० मिलिमीटर उंची. पाण्यात मोजलं तर साधारण एक मीटर ६३ सेंटीमीटर, म्हणजे आपल्याएवढी उंच धार. ४८० म्हणजे साडेसहा मीटर. दुमजली घराची गच्ची.

तरी त्या पाचांपैकी कुणाला काही झालं नाही. निरोगी, तरुण, सवयीच्या रक्तवाहिन्या काही सेकंदांचा हा झटका सोसतात. हे मुद्दाम लिहितेय, कारण हा आकडा वाचून कुणाच्या तरी आईने उद्यापासून जिम बंद करायला नको.

आता आमच्या मित्राला अंधारी का आली, ते यातच आहे. शेवटचा रेप झाला, श्वास सुटला, पाय सैल पडले. बंद असलेले सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले आणि रक्त मांड्यांच्या मोकळ्या झालेल्या वाहिन्यांत धावलं. त्या प्रयोगातही सेट संपल्यावर काही सेकंदांतच दाब धाडकन खाली, नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलेला दिसला. त्याच क्षणी तुम्ही झटकन उभे राहिलात तर डोक्याकडे जायला रक्त कमी पडतं. जेवणाचा काही संबंध नव्हता. सेट झाला की अर्धा-एक मिनिट तिथेच पडून राहायचं, पाय हलवत राहायचं, मग उठायचं. एवढंच.

११३ चा फरक, फक्त श्वासाचा

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग मात्र १९९५ चा आहे. नार्लोक आणि ब्रँडस्टेटर या दोघांनी दहा पुरुष खेळाडूंकडून लेग प्रेस करून घेतलं, त्यांना एकदाच जेमतेम उचलता येईल एवढं वजन लावून. आधी दम कोंडून. सरासरी दाब ३११/२८४. मग तेच वजन, तीच माणसं, पण उचलताना तोंडाने सावकाश श्वास सोडत. १९८/१७५.

वजन कमी केलं नाही, मशीन बदललं नाही, कुठला डबा विकत आणला नाही. नुसता श्वास सोडला आणि वरचा आकडा ११३ ने खाली.

म्हणून ट्रेनर जे ओरडत असतात ना, ‘वर जाताना सोड, खाली येताना घे’, ते उगाच नाही. आपल्याकडे हे नवीनही नाही. जोर मारताना प्रत्येक जोराला श्वासाची लय असते. तालमीत मुलींना आत जायला अजूनही सगळीकडे मोकळीक नाही, त्यामुळे मी दारातूनच बघितलंय. पण लय दारातूनही ऐकू येते, शंभर जोरांचा एकसारखा फूस-फूस आवाज. शंभर बैठका दम कोंडून मारताच येत नाहीत. वजन हलकं आणि आकडा मोठा असला की शरीर आपोआप श्वास घेतं-सोडतं. दम कोंडायची सवय लागते ती जड वजनाला आणि ‘अजून एक’ला.

इथे पॉवरलिफ्टिंग करणारे हात वर करतील. ते म्हणतील, आम्ही दम कोंडतो तो पाठीच्या कण्याला आधार मिळावा म्हणून. बरोबर आहे. पोटात हवा भरून कंबर घट्ट केल्याशिवाय जास्तीत जास्त वजनाचा डेडलिफ्ट मारणं धोक्याचंच. आणि छातीतला तोच दाब हृदयाच्या बाहेरूनही पडत असल्यामुळे, दम थोडाच वेळ कोंडला तर हृदयाच्या भिंतीवरचा खरा ताण बीपीच्या आकड्याइतका वाढत नाही, असंही २००१ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे एका अवघड जागेपुरता क्षणभर दम धरणं वेगळं, आणि दहा रेप डोळे बाहेर येईपर्यंत कोंडून मारणं वेगळं. पण स्पर्धेत उतरणारा एक असतो, आणि त्याची रील बघून दम कोंडणारे वीस.

कुठली पद्धत किती चढवते?

आपल्याला वाटतं, वजन जास्त तर बीपी जास्त. पूर्ण खरं नाही. एकदाच उचलता येईल अशा वजनापेक्षा, त्याच्या ७०-८० टक्के वजन घेऊन स्नायू पार संपेपर्यंत मारलेल्या सेटच्या शेवटच्या दोन-तीन रेपना दाब जास्त चढू शकतो. प्रत्येक रेपला काटा मागच्यापेक्षा जरा वर. म्हणजे ‘अजून एक, अजून एक’ हाच सगळ्यात महागडा भाग. दोन रेप शिल्लक ठेवून थांबलात तर ताकद वाढायची थांबत नाही, पण ते शिखर टळतं.

सेटमधली विश्रांती कापली की तोच प्रकार. मागच्या सेटचा दाब उतरायच्या आत पुढचा सुरू. सहा वाजता जिममध्ये गर्दी असते, मागे दोघं मशीनसाठी उभे असतात, हे कळतं मला. तरी दोन मिनिटं थांबा.

आणि दंडाला-मांडीला पट्टा आवळून हलक्या वजनाने व्यायाम करायचा प्रकार हल्ली मोबाइलवर फार दिसतो. मूळ जपानमधला, तिकडे त्याला ‘कात्सू’ म्हणतात. प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली तो उपयोगाचा आहे. पण आलम आणि स्मर्कचा पट्टा आठवा. रक्त अडवलं की हलक्या वजनालाही बीपी चढतं. जुन्या ट्यूबचा रबर कापून स्वतःच आवळून घेणाऱ्यांसाठी हे वाक्य.

पैलवानाचं हृदय

वर्षानुवर्षं असा दाब झेलून हृदयाचं काय होतं? याचं पहिलं गाजलेलं उत्तर पैलवानांकडूनच मिळालं. १९७५ मध्ये अमेरिकेत जोएल मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीसारख्या तंत्राने, म्हणजे एकोने, खेळाडूंची हृदयं बघितली. धावपटू आणि जलतरणपटूंच्या हृदयाचा कप्पा मोठा झालेला, भिंत मात्र नेहमीसारखी. कुस्तीगीर आणि गोळाफेक करणाऱ्यांचा कप्पा नेहमीएवढाच, पण भिंत जाड, १३-१४ मिलिमीटर. इतरांची १२ च्या आत असते.

कारण उघड आहे. धावताना हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं, म्हणून टाकी मोठी होते. कुस्तीत, गोळ्यात ते दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, म्हणून भिंत जाड होते. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेचे ५० मार्क बघा: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. म्हणजे सरकार एकाच उमेदवाराकडे दोन्ही प्रकारची हृदयं मागतंय! विनोद सोडा, पण नुसती जिम मारणारा १६०० ला का धापा टाकतो आणि नुसता पळणारा गोळ्याला का कमी पडतो, हे यात आलं.

मॉर्गनरॉथची ही विभागणी आता इतकी सरळ मानत नाहीत. वजन उचलणाऱ्या पुष्कळांची भिंत पुढच्या अभ्यासांत नेहमीएवढीच निघाली. आणि व्यायामाने जाड झालेली असेल तर व्यायाम काही महिने थांबवल्यावर ती सहसा उतरतेही. चिंतेची गोष्ट वेगळी आहे. साधारण पाचशेत एका माणसाच्या हृदयाची भिंत जन्मजात दोषामुळे जाड असते, आणि ते त्याला माहीत नसतं. त्याच्यासाठी जोराचा व्यायाम धोक्याचा ठरू शकतो. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, व्यायाम करताना चक्कर येऊन पडायला होत असेल, छातीत दुखत असेल, तर आधी ईसीजी आणि एको. मग जिम. सेट संपल्यावर उठताना आलेली अंधारी वेगळी, आणि वजन उचलता उचलताच शुद्ध हरपणं वेगळं. दुसऱ्याला थांबायचं नसतं.

तसंच महाधमनीचं. येल विद्यापीठाच्या एलेफ्टेरिएडेस यांनी २००३ मध्ये अशा पाच जणांची नोंद छापली, ज्यांची महाधमनी आधीच फुगलेली होती, पत्ता नव्हता, आणि जड वजन उचलताना ती फाटली. ठिबकची लाइन चांगल्या जागी फुटत नाही. जिथे आधीच कमजोर आहे तिथेच फुटते.

इंजेक्शनची गोष्ट

२९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार गेला, वय ४६. व्यायामानंतर अस्वस्थ वाटलं होतं. तेव्हापासून अशी बातमी आली की घरोघरी दोनच वाक्यं ऐकू येतात, ‘जिममुळे झालं’ किंवा ‘लशीमुळे झालं’. आयसीएमआरने याचा अभ्यास केला, १८ ते ४५ वयातल्या अचानक गेलेल्या ७२९ जणांचा, आणि त्यांच्याशी तुलनेला २,९१६ जण. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो घराण्यात अचानक मृत्यू झालेले असणं, कोविडमुळे दवाखान्यात राहावं लागलेलं असणं, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरपूर दारू पिणं किंवा नशा करणं, आणि त्याच ४८ तासांत अंगाबाहेर शारीरिक कष्ट करणं यांच्याशी. शेवटच्याचा अर्थ व्यायाम वाईट असा नाही. वर्षभर काही न करता भरतीची जाहिरात आल्यावर एकदम सगळं करणं वाईट, असा मी तरी घेतला.

पण आमच्या वयाच्या पोरांसाठी मला खरी भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पुणे, सांगली भागात पोलिसांनी गेल्या काही वर्षांत मेफेंटरमाइन नावाच्या इंजेक्शनचा साठा पकडल्याच्या बातम्या आल्या. जिममधल्या पोरांना चोरून विकायला आणलेला. हे औषध आहे कशाचं, माहितीये? ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचं बीपी घसरलं तर ते वर चढवायचं! भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघत, मोजून देतात ते. आणि इकडे पोरगं ते टोचून लेग प्रेसवर बसतं, दम कोंडतं, भोवती दोस्त ओरडत असतात, ‘अजून एक’. आधीच ३०० ला जाणाऱ्या काट्याला वरून आणखी ढकलायचं. ताकद वाढत नाही त्याने, थकलेलं कळत नाही फक्त. थकवा कळणं हीच तर आपली सुरक्षा.

स्टेरॉइडचं गणित आणखी लांबचं. दाब वाढतो, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, आणि हृदयाची भिंत जाड होते ती नुसत्या व्यायामाने होते तशी निरोगी जाड नव्हे, ताठर. प्री-वर्कआउटच्या एका चमच्यात पुष्कळदा दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅफिन असतं, दोन-तीन कप कॉफीएवढं. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही.

भिंतीला टेकून

आता चांगली बातमी. वजन उचलताना काटा वर जातो, पण व्यायाम झाल्यावर पुढचे काही तास दाब नेहमीपेक्षा जरा खालीच राहतो. आणि आठवड्यामागून आठवडे केलं तर कायमचा बसलेला दाबही उतरतो. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २७० चाचण्या आणि १५,८२७ लोकांची आकडेवारी एकत्र करून छापली गेली. वजनांच्या व्यायामाने वरचा आकडा सरासरी साडेचारच्या आसपास उतरला. पळणं, चालणं, सायकल यांनीही जवळपास तेवढाच. दोन्ही एकत्र केलं तर सहा. आणि पहिला नंबर कुणाचा? न हलता करायच्या व्यायामाचा. सव्वाआठ!

न हलता म्हणजे भिंतीला पाठ टेकून, हवेत खुर्चीवर बसल्यासारखं बसून राहायचं. आपण शाळेत शिक्षा म्हणून भोगलेली खुर्ची. दोन मिनिटं बसायचं, दोन मिनिटं आराम, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. चाचण्यांमध्ये साधारण हाच हिशेब होता. मांड्या आवळून रक्त अडतं आणि सोडल्यावर एकदम धावतं, त्या धावण्याने रक्तवाहिन्या हळूहळू सैल व्हायला शिकतात, असं मानलं जातं. बसलेलं असताना मात्र बीपी चढतंच, त्यामुळे इथेही श्वास चालू ठेवायचा. मी करून बघितलं. पहिल्या दिवशी दुसऱ्या फेरीत १ मिनिट १० सेकंदांना मांड्या थरथरायला लागल्या आणि मी फरशीवर. मोठ्या रुबाबात सुरुवात केली होती, पप्पा बघत होते.

डाळिंबाच्या मार्केटमध्ये वीसेक किलोचं क्रेट छातीशी धरून ट्रकपर्यंत चालणारे हमाल आठवले मला. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला सुटली, तेव्हा त्यात भरलेलं क्रेटन् क्रेट कुणीतरी असंच हातांनी उचललेलं होतं. पण कामातला भार आणि व्यायाम यात फरक आहे. हमालाला दोन मिनिटं बसून दोन मिनिटं आराम कोण देणार? दिवसभर, उन्हात, पाणी कमी पिऊन उचललेल्या ओझ्याला ‘फुकटची जिम’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे.

आणि एक. ज्याला गोळी चालू आहे त्याने भिंतीला टेकून गोळी बंद करायची नसते. पप्पा, हे तुमच्यासाठी.

परत मोजलं

आमच्या मित्राला डॉक्टरांकडे पाठवलं. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरत नाही, हे पहिलं त्यांनी सांगितलं. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नाही. दोन वेळा मोजायचं, आणि वेगवेगळ्या दिवशी. दंड मोठा आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. जिमवाल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, आणि आमच्या घरचा पट्टा पप्पांच्या दंडाच्या मापाचा, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

मोठ्या पट्ट्याने तीन दिवस मोजल्यावर त्याचं बीपी १३० ते १३८ मध्ये निघालं. औषधाची गरज नाही, पण सोडून द्यायलाही नको. जिम बंद कर, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. विश्रांतीत १८०/११० च्या वर असेल तर वजनं नाहीतच, आधी उपचार, एवढी रेघ त्यांनी आखून दिली. याचं तेवढं नव्हतं. मीठ कमी, झोप पुरी, संपेपर्यंत मारायचं बंद, तीन महिन्यांनी परत या. प्री-वर्कआउट घेतोस का, असं विचारल्यावर हा छताकडे बघत होता म्हणे.

मेडिकलचं काय होईल ते तेव्हाच कळेल. मागच्या आठवड्यात जिममध्ये दिसला. लेग प्रेसवरच होता, प्लेटा दोन कमी. दोस्त सवयीने ओरडत होते, ‘अजून एक!’ आणि हा प्रत्येक रेपला तोंडाने फूऽऽ करून इतक्या जोरात हवा सोडत होता, की शेजारचा म्हणाला, ‘‘गड्या, ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झालं काय?’’

आठ झाले. त्याने वजन लावून टाकलं आणि पडून राहिला, छताकडे बघत, पूर्ण एक मिनिट.